रात्रीत बॅटरी उतरते? आधी अँपिअरचा हिशेब मांडा

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे. थंडी पडली की सकाळी सकाळी ठरलेला फोन येतो : "रात्री गाडी चांगली लावली होती, आता सेल्फच घेत नाही. नवीन बॅटरी टाकू का?" टाका की. पण गाडीच रात्रभर करंट खात असेल तर नवी बॅटरीही तशीच झोपणार. वॉरंटीत बदलायला नेलीत तर दुकानदार ती चार्ज करून तुमच्याच हातात परत देईल, आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नसेल.

म्हणून आधी हिशेब. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण ३५ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे अँपिअर गुणिले तास) बॅटरी असते. बंद गाडीही थोडा करंट घेतेच : घड्याळ, ईसीयूची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) मेमरी, सेंट्रल लॉक. २० ते ५० मिलिअँपिअर चालतं. ५० धरले तरी दहा तासांत जेमतेम अर्धा एएच. डिकीतला ५ वॅटचा दिवा रात्रभर जळला तर ४ एएच गेले. धडधाकट बॅटरी एवढ्यानं मरत नाही. पण ब्रेकचे २१ वॅटचे दोन बल्ब लागून राहिले तर साडेतीन अँपिअर, आणि उजाडायच्या आत सगळं संपलं. म्हणजे एकाच रात्रीत गाडी बंद पडत असेल तर कुठंतरी मोठा भार चालू आहे, नाहीतर बॅटरीतच दम उरलेला नाही. लोक बारीकसारीक लिकेज शोधत बसतात आणि हे बघायचं राहूनच जातं.

बॅटरीचा दम बघायला फार काही लागत नाही. ती पूर्ण चार्ज करा, दोनेक तास थांबा आणि मल्टीमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे. मग १० नंबरच्या पान्यानं निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवा आणि झोपा. सकाळी १२.२ किंवा त्याखाली आलं तर गाडीचा काही दोष नाही, बॅटरी आतून गेली. आकडा जागेवर असेल तर टर्मिनल जोडून सेल्फ मारताना बघा. त्या क्षणी ९.६ च्या खाली घसरत असेल तरीही बॅटरी संपत आलेली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. तेवढे नसतील तर बॅटरी रात्री उतरत नाही, दिवसा भरतच नाही. बॅटरीच्या डोक्यावर ॲसिड आणि धुळीचा ओलसर थर असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्यानं पुसून घ्या, त्यातूनही करंट झिरपतो. झाकणं घट्ट लावून पुसा, सोडा आत गेला तर बॅटरी खराब होईल.

बॅटरी पास झाली तरच गाडीकडे वळा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला. निगेटिव्ह केबल काढा आणि ती केबल व बॅटरी यांच्या मध्ये मीटर जोडा. बोनेट उघडंच असतं, पण दार उघडं ठेवायचं असेल तर त्याचं कुलूप स्क्रू ड्रायव्हरनं दाबून बसवा, म्हणजे गाडीला दार बंद वाटेल. बटण स्टार्टची गाडी असेल तर चावी घरात लांब ठेवा. सुरुवातीला मीटर दोन-तीन अँपिअर दाखवेल. घाबरू नका, गाडी जागी झालेली असते. अर्धा तास चहा घ्या, मग आकडा वाचा. आणि मीटर जोडलेला असताना इग्निशन किंवा सेल्फ चुकूनही देऊ नका, मीटरचा फ्यूज उडेल. स्वस्त मीटरला फ्यूजच नसतो, त्यात मीटरच जातो.

आकडा ५० मिलिअँपिअरच्या वर थांबला असेल तर लोक एकेक फ्यूज उपटायला लागतात. त्यात झोपलेलं मॉड्युल (गाडीतला छोटा कॉम्प्युटर) पुन्हा जागं होतं आणि आकडा नाचतो. मी मीटर काढून केबल परत जोडतो, गाडी झोपू देतो, लाल वायर व्होल्टच्या भोकात घालतो आणि मीटर मिलिव्होल्टवर ठेवतो. फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात, त्यांना टोकं लावतो. शून्य आलं तर त्या लाइनीत करंट नाही. १० अँपिअरच्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट दिसला तर तिथून सुमारे १३० मिलिअँपिअर वाहतायत. चोराची गल्ली सापडली.

चोर बहुतेक वेळा कंपनीचा नसतो, बाहेरून बसवलेला असतो. म्युझिक सिस्टीमची पिवळी वायर कायम करंटची आणि लाल वायर चावीची. बसवणाऱ्यानं घाईत दोन्ही एकत्र पिळल्या की सिस्टीम झोपतच नाही. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, रिव्हर्स कॅमेरा यांचंही तसंच. ब्रेक पेडलच्या वर प्लास्टिकचं छोटं बटण असतं, ते तुटलं की स्विच दाबला जात नाही आणि ब्रेक लाइट लागून राहतो. हे बघायला मीटर कशाला, रात्री गाडीच्या मागं जाऊन उभे राहा. डिकीच्या दिव्यासाठी मोबाइलचा व्हिडिओ सुरू करून आत ठेवा आणि झाकण लावा.

सगळ्या फ्यूजवर शून्य आणि तरीही करंट वाहतोय? मग अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र. त्याची जाड वायर सहसा छोट्या फ्यूजांतून जात नाही आणि आतला डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) फुटला की करंट उलटा शिरतो. सकाळी इंजिन गार असताना अल्टरनेटरला हात लावा, तोच कोमट लागला तर संशय पक्का. बॅटरी सोडवून त्याची मागची जाड वायर काढा, तिला टेप गुंडाळून बाजूला ठेवा आणि मीटर परत जोडा. आकडा खाली आला तर डायोड प्लेट बदलायची. त्यासाठी अख्खा अल्टरनेटर नवा घ्या म्हणणाऱ्याला आधी प्लेट मिळते का विचारा.

दुरुस्ती झाल्यावर अर्धा तास थांबून तोच आकडा पुन्हा घ्या. म्युझिक सिस्टीमची वायरिंग बदलली असेल तर गाडीला कुलूप लावूनच घ्या.