मशीन घेण्याआधी बादली

आमच्याकडे दोन वर्षं गन धरलेला एक मुलगा आता घणसोलीत प्रेशर वॉशिंगचं, म्हणजे जोराच्या पाण्याने लादी-भिंती धुण्याचं, स्वतःचं काम सुरू करतोय. परवा त्याचा फोन आला, "दादा, दोनशे बारचं मशीन घेऊ की अडीचशेचं?" बार हे पाण्याच्या प्रेशरचं माप. मी म्हटलं, आधी १५ लिटरची बादली घे. त्याला वाटलं मी टर उडवतोय. फोनवर धड सांगता आलं नाही ते इथे लिहून काढतो. ठाणे-नवी मुंबईत हा धंदा टाकणाऱ्या कुणालाही चालेल.

बादलीचं काम असं. ज्या तऱ्हेच्या सोसायट्यांची कामं घ्यायची आहेत तशा चार-पाच ठिकाणी जा, पार्किंगमधल्या नळाखाली बादली लावा आणि मोबाइलवर वेळ मोजा. मिनिटात भरली तर नळ मिनिटाला १५ लिटर देतो, दोन मिनिटं लागली तर साडेसात. मशीनच्या गरजेहून नळाचं पाणी थोडं जास्तच हवं. कमी पडलं की पंप हवा ओढतो, प्रेशर उड्या मारतं, आतून खडखड सुरू होते आणि सील जातात. जुन्या सिडको इमारतींतला अर्ध्या इंची, आतून गंजलेला पाइप बहुतेकदा निराशच करतो.

आणि हे झालं नळाला पाणी असताना. एप्रिल-मेमध्ये घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत पाणी मागून बघा. राहणारी माणसंच टँकरची वाट बघत असताना पेव्हर ब्लॉक धुवायला तासाला ९०० लिटर कोण देईल? मिनिटाला १५ लिटरचं मशीन सलग चाललं तर इतकंच लागतं. म्हणून खरेदीच्या यादीत मशीनच्याही वर ५०० लिटरची टाकी लिहा. टाकी मध्ये ठेवली की कमजोर नळही चालतो: नळाने मिनिटाला आठ लिटर दिले आणि मशीनने १५ घेतले, तरी भरलेली टाकी तासाभराहून जास्त पुरते. टाकीपासून मशीनपर्यंतचा पाइप एक इंची घ्या आणि मध्ये जाळीचा फिल्टर बसवा. हजार लिटरच्या टाकीचा मोह आवरा, कारण हजार लिटर म्हणजे एक टन आणि छोटा हत्ती पाऊण टनाच्या आसपासच वाहतो. नव्या टॉवरांत "आमचं एसटीपीचं पाणी वापरा", म्हणजे शुद्ध केलेलं सांडपाणी वापरा, असा आग्रह होतो. गनमधून त्याचा धुकट तुषार उडतो आणि तो आपल्याच माणसांच्या छातीत जातो. मी ते घेत नाही. काम गेलं तरी चालेल.

आता मशीन. बार म्हणजे पाण्याचा मार, लिटर म्हणजे पाण्याची रास. मार घाण सुटी करतो, रास ती वाहून नेते. नवशिके फक्त बार विचारतात, कारण खोक्यावर तोच आकडा मोठा छापलेला असतो. पोडियम (पार्किंगच्या छतावरचं मोकळं अंगण), पार्किंग, कंपाउंडची भिंत, गच्ची, या आपल्या रोजच्या कामाला १५० बार पुष्कळ झाले. पैसे लिटरवर घाला. मिनिटाला आठ लिटरने पार्किंग दिवसभर चालतं, १५ लिटरने दुपारी जेवायला घरी जाता येतं.

मात्र लिटर वाढले की वीज वाढते. हिशेब सोपा आहे: बार गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले ६००, म्हणजे पाण्याला लागणारे किलोवॅट. १५० बार आणि १५ लिटरचे झाले पावणेचार. पंप-मोटरमधली घट धरून साडेचारच्या पुढे, म्हणजे व्यवहारात साडेपाच किलोवॅटची, साडेसात हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर. सोसायटीतल्या १६ अँपियरच्या प्लगवर कागदोपत्रीसुद्धा पावणेचार किलोवॅटच मिळतात. तेव्हा "सिंगल फेज, दोनशे बार, १५ लिटर" असं कुणी विकू लागला तर त्याच्यासमोरच हा गुणाकार करा. थ्री फेज लिफ्टच्या किंवा पंपाच्या पॅनेलवर असते. ती सोसायटीच्या वायरमनने जोडून द्यायची, आपण झाकण उघडायचं नाही. म्हणून माझा सल्ला दोन मशिनांचा: पहिल्या वर्षी तीन हॉर्सपॉवरचं सिंगल फेज, जे कुठेही चालेल, आणि हातात नियमित कामं आली की मोठं थ्री फेज. उलट क्रमाने घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं मोठं मशीन वॉचमनच्या केबिनमागे झाकून पडलेलं असतं.

मोटर इंडक्शनची आणि १४४० आरपीएमची असावी. घरगुती मशिनात कार्बन ब्रशची मोटर असते. ती गाडी धुवायला छान, आठ तासांच्या कामाला नाही. माझं पहिलं मशीन तसलंच होतं. वागळे इस्टेटमधल्या एका शेडमध्ये तिसऱ्या दिवशी त्यातून धूर निघाला आणि उरलेली लादी आम्ही खराट्याने घासली. पंप क्रँकशाफ्टचा, तीन प्लंजरचा (प्लंजर म्हणजे पाणी ढकलणारा दांडा), पितळी हेडचा आणि सिरॅमिक प्लंजरचा बघा. इंटरपंप, हॉक, कॅट ही नावं बाजारात ऐकाल. नाव कुठलंही घ्या, पण दुकानदाराला एकच विचारा: सील किट आणि व्हॉल्व्ह किट आत्ता, या क्षणी, तुमच्या फळीवर आहे का? "मागवून देतो" म्हणाला तर पुढचं दुकान. पैसे देण्याआधी मशीन चालवून घ्या. नोझल काढून गनचं पाणी मिनिटभर बादलीत सोडा आणि लिटर मोजा. दुकानात बादली नसते, आपली न्यावी.

पेट्रोल इंजिनाचं मशीन वीज नसलेल्या साइटवर उपयोगी, पण बेसमेंट किंवा बंद पार्किंगमध्ये ते कदापि चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. डिझेल बर्नरचं गरम पाण्याचं मशीन हॉटेलच्या किचनमधल्या ओशट चिकट्यावर जादू करतं, पण महाग पडतं. तशी कामं दारात आल्यावर बघू.

केबलवर कंजुषी करू नका. तीस मीटर बारीक वायर लावली की मोटर सुरू होताना व्होल्टेज पडतं, ती नुसती घुमते आणि फिरत नाही. मग लोक मोटरला शिव्या देतात. तीन हॉर्सपॉवरला अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची थ्री कोअर केबल हवी. ड्रमवर असेल तर पूर्ण उलगडून, कारण गुंडाळलेली केबल तापते. सोबत ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळताच सप्लाय तोडणारा स्विच) बसवलेला स्वतःचा बोर्ड असावा. ओल्या लादीवर ओल्या बुटांनी उभं राहून विजेचं मशीन चालवायचं आहे. सोसायटीच्या अर्थिंगवर विश्वास ठेवू नका, आधी तपासून घ्या.

मशीनपासून गनपर्यंतचा होज तीन अष्टमांश इंची, तीस मीटर, शक्य तर राखाडी रंगाचा. काळा होज फिकट लादीवर ओढल्याचे पट्टे उठवतो आणि तेही मग आपणच धुवायचे. मशीन खाली ठेवून वरच्या मजल्यांवर होज नेता येतो, दहा मीटर उंचीला जेमतेम एक बार जातो. नोझल चार: १५, २५, ४० अंशांची आणि साबणाची. लाल, शून्य अंशाची नोझल पेटीत असेल तर काढून घरी ठेवा. कामावरच्या मुलांच्या हाती लागली की ती पेव्हरवर नावं कोरतात. नोझलवर २५०५५ असं छापलेलं असतं, म्हणजे २५ अंश आणि ०५५ माप. १५० बार, १५ लिटरला हेच माप बसतं. माप मोठं लावलं तर प्रेशर पडतं, लहान लावलं तर पंपावर ताण. नोझल झिजली तरी प्रेशर पडतं, आणि लोक पंप खोलून बसतात.

मोठ्या सपाट जागेला गोल सरफेस क्लीनर, म्हणजे झाकणाखाली नोझल फिरणारं तबक, घ्याच. नुसत्या गनने धुतलेल्या पोडियमवर वाळल्यावर झेब्र्याचे पट्टे दिसतात. वीस इंचीला १५ लिटर हवेत. आठ लिटरच्या मशीनवर बारा इंचीच लावा. पेव्हरच्या फटींतली रेती धुतल्यावर निघून जाते, ती परत भरायची की नाही हे दर सांगतानाच ठरवा. टेक्स्चर पेंटच्या भिंतीला गन दोन फुटांपेक्षा जवळ नको. पहिल्याच पावसाळ्यानंतर एका ठिकाणी मी शेवाळाबरोबर रंगाचे पापुद्रे काढले होते. दोन कोपरे स्वखर्चाने रंगवून दिले.

शेवाळाला हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण), तेलाच्या डागांना डीग्रीसर, बस. ॲसिडचा कॅन गाडीत ठेवूच नका. संगमरवर आणि कोटा खाऊन टाकतं, आणि हायपोक्लोराइटशी चुकून मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो.

गमबूट, गॉगल, जाड हातमोजे. गनचं पाणी कातडीत घुसलं तर वर टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत मांस नासत जातं. हळद-मलम लावत बसू नका, थेट हॉस्पिटलात न्या आणि "हाय प्रेशरचं पाणी घुसलंय" असं डॉक्टरांना सांगा. १५० बारची गन ट्रिगर दाबताच साधारण चार किलोचा धक्का मागे देते. शिडीवर उभ्या माणसाला तेवढा पुरतो. शिडीवर गन नाही, लांब लान्स (गनला लावायची नळी) घ्या. मशीन चालू आणि गन बंद, असं दोन मिनिटांहून जास्त ठेवू नका. तेच पाणी पंपात फिरून तापतं. मुलं चहाला गेली की स्विच बंद.

डब्यात ओ-रिंग, कपलर, टेफ्लॉन टेप, एक जास्तीची गन, पंपाचं तेल. नव्या पंपाचं पहिलं तेल साधारण ५० तासांनी बदलतात, तास वहीत लिहा. गटाराच्या जाळीवर घालायला गोणपाटही न्या, सुटलेला गाळ चेंबरमध्ये गेला तर बिलाऐवजी तक्रार हातात पडते.

शेवटी मोबाइल. काम सुरू करण्याआधी भिंतीच्या भेगा, उडालेला गिलावा, फुटलेले पेव्हर यांचे फोटो काढा. धुतल्यावर जुनी भेग लोकांना पहिल्यांदा दिसते आणि ती मशीननेच पाडली असं मीटिंगमध्ये ठरतं. फोटो काढताना सेक्रेटरींना सोबत बोलवा, जमलं तर फोटोतच उभं करा.