ट्राउट गळाला लागत नाही? या चुका टाळा

नदीच्या सार्वजनिक पट्ट्यावर नवखा माणूस पोहोचला की आधी गुडघाभर पाण्यात उतरतो आणि पलीकडच्या काठाखाली फ्लाय (पिसं-दोऱ्याने किड्यासारखा बांधलेला गळ) फेकायची धडपड सुरू करतो. ज्या पोटरीभर पाण्यातून तो तुडवत गेला, तिथेच सकाळी ट्राउट मासे चरत असतात. त्यातला एक दचकून वरच्या डोहात शिरतो, त्याला बघून तिथलेही बुजतात. मग पुढचे दोन तास हा फ्लाय बदलत बसतो. फ्लायचा काही दोष नसतो.

काठापासून दोन पावलं मागे, दहा मिनिटं नुसतं पाणी बघा. ही दहा मिनिटं ज्यांना जड जातात, त्यांनी महागडी काठी घेऊनही फरक पडत नाही. पहिली फेक काठालगत, मग मध्ये, मग पलीकडे. पाण्यात उतरायचं ते अगदी शेवटी. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून प्रवाहाच्या खालच्या बाजूने वर सरका. भोवऱ्यात मात्र पाणी उलटं फिरतं आणि मासाही उलटा उभा राहतो. फेस कुठे वाहतोय ते आधी पाहा. चालताना वाका. माशाला बाहेरचं जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून दिसतं आणि त्याच्या कडेला बुटक्या वस्तू चेपून जवळजवळ नाहीशा होतात.

दुसरी खोड म्हणजे लांब फेकीचा हव्यास. मधला प्रवाह जोराचा, पलीकडचा संथ. दोर मधल्या पाण्यावर पडला की धनुष्यासारखा वाकतो, त्याला पोट सुटतं आणि फ्लाय पाण्यापेक्षा वेगाने ओढली जाते. खरा किडा असा धावत नाही, हे माशाला पक्कं ठाऊक असतं. फ्लाय पडताच काठीच्या टोकाने दोराचं पोट उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका. त्याहून सोपं म्हणजे जवळ जा आणि दहा मीटरच्या आत फेका. लीडर, म्हणजे दोर आणि फ्लाय यांच्यामधला बारीक धागा, नऊ फुटांचा, त्याचा फ्लायजवळचा शेवटचा भाग ०.१५ मिलिमीटरच्या आसपास.

पृष्ठभागावर हालचाल नसेल तर कोरडी, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फ्लाय बडवत बसू नका. ट्राउट बहुतेक वेळा पाण्याखालीच खातो. निम्फ, म्हणजे पाण्यातल्या अळीसारखी बुडणारी फ्लाय लावा, आणि तिने मधूनमधून तळाला शिवायला हवं. कधीच अडकत नसेल तर शिशाचा एक मणी वाढवा.

गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर धागा घासून तापतो आणि मासा लागल्यावर तिथेच तुटतो.

दुसरा कोणी खालून वर सरकत असेल तर त्याच्या पुढे पाण्यात घुसू नका. काठावरून लांबचा वळसा घ्या. शेजारी गप्पा मारत उभं राहणंही नको.

सोडायचा मासा कोरड्या हातात धरू नका, अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गळाच्या टोकामागचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाका. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर काठी गुंडाळा. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंजून दमलेला मासा सोडल्यावरही मरतो. विणीच्या दिवसांत तळाच्या खड्यांत फिकट, स्वच्छ धुतल्यासारखे चट्टे दिसतात. ती अंड्यांची घरटी असतात, तिथे पाय ठेवू नका.