२८ मिनिटांत गिरणी संप: रेडिओ डॉक्युमेंटरी कशी करावी

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. एवढा पसारा २८ मिनिटांत मावत नाही, म्हणून आधी एकच प्रश्न पक्का करा. उदाहरणार्थ, पगार थांबल्यावर लालबाग-परळमध्ये खाणावळी चालवणाऱ्या बायकांचं काय झालं?

चार-पाच माणसं पुरतात. प्रत्येकाशी तासभर तरी बोला. ‘संपाबद्दल काय वाटतं?’ असं विचारलंत, तर भाषण ऐकायला मिळेल. ‘वाण्याची उधारी किती झाली होती? वहीत कोण लिहायचं?’ असं विचारा, म्हणजे माणूस थेट त्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतो. तो बोलत असताना ‘हं’, ‘हो ना’ करू नका, नुसती मान डोलवा. तुमचा हुंकार त्याच्या शब्दावर चढला की तो नंतर वेगळा काढता येत नाही.

चाळीच्या खोलीत पंखा आणि फ्रिज बंद करा. माइक तोंडापासून वीतभर, पण किंचित बाजूला धरा. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ फटकन आदळतात. रेकॉर्डरची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास असू द्या, कारण हळू बोलणारी आजी मध्येच खळखळून हसते आणि आवाज फाटतो. निघण्यापूर्वी कोणीही न बोलता खोलीचा एक मिनिट आवाज घ्या. कापलेल्या जागी तो भरायचा असतो. तिथे निव्वळ शांतता ठेवली तर रेडिओ बंद पडल्यासारखं वाटतं.

आठवणीत वर्षं सरकतात. प्रत्येक तारीख त्या काळच्या वर्तमानपत्रांत तपासा. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय शोधाला चांगली सुरुवात आहे. चुकीचं साल सांगणारं वाक्य कापू नका, दुरुस्ती निवेदनात करा.

निवेदन शेवटी लिहा. ते दहा मिनिटांपेक्षा जास्त नको, म्हणजे साधारण ११०० शब्द. एका वाक्यात एकच आकडा द्या, कारण ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही.

गिरणीच्या भोंग्याच्या जागी जहाजाचा भोंगा किंवा इंजिनाची शिट्टी कधीही वापरू नका. गिरणगावातला माणूस तो खोटेपणा तत्क्षणी ओळखतो. खरा भोंगा मिळाला नाही, तर कामगाराच्या तोंडून त्याचं वर्णन घ्या. १९८२च्या प्रसारित ध्वनिमुद्रणांवरचे हक्क अजून संपलेले नाहीत. भारतात ते प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतात, तेव्हा लेखी परवानगी घ्या.

अखेरची तपासणी हेडफोनवर नको. साध्या मोबाइलवर, शेजारी नळ चालू ठेवून ऐका. संगीताखाली एखादं नाव बुडत असेल, तर संगीत खाली आणा.