स्लालम स्की जुळवायची तर आधी बाइंडिंग, मगच फिन

पानशेतच्या जलाशयावर सकाळी वारा पडलेला असतो. अशा सपाट पाण्यात बोटीमागे दोरी धरून चालवायची स्लालम स्की, म्हणजे दोन्ही पाय एकाच पट्टीवर असलेली वॉटर स्की, वळणात अडखळली तर लाटांना दोष देता येत नाही, जुळणीच तपासावी लागते.

स्क्रूला हात लावण्याआधी सगळी मापं वहीत उतरवा. पहिल्या वर्षी मी हे केलं नाही. स्क्रू सैल केले, फिन (स्कीच्या शेपटाखालचं पातं) हलली आणि मूळची छान चालणारी जुळणी पुन्हा सापडलीच नाही.

सुरुवात बाइंडिंगपासून, म्हणजे पाय अडकवायच्या बुटांपासून करा. शेपटापासून पुढच्या बाइंडिंगच्या टाचेपर्यंत टेपने मोजा. वळताना टोक पाण्यात घुसून तुम्ही पुढे फेकले जात असाल, तर बाइंडिंग एक भोक मागे घ्या. टोक वर राहून वळण लांबत असेल, तर एक भोक पुढे. एक भोक म्हणजे बहुधा पाव इंच, आपल्या सुतारांच्या भाषेत दोन सूत. एवढ्यानेही स्की वेगळीच वाटते, म्हणून एका वेळी एकच भोक सरकवा. बोटीचा वेग आणि दोरीची लांबी तीच ठेवून दोन्ही बाजूंची वळणं घ्या. निदान दोन फेऱ्या झाल्याशिवाय मत बनवू नका. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं.

तरीही खोट राहिली तर फिन. तिची तीन मापं असतात: लांबी, खोली आणि शेपटापासूनचं अंतर. मोठ्यांच्या स्कीवर ही साधारण ६.८ ते ६.९, २.५ आणि ०.७५ इंचांच्या आसपास असतात. पण तुमच्या मॉडेलसाठी उत्पादकाने दिलेले आकडे हाच पाया. इथे हिशेब इंचाच्या हजाराव्या भागाचा, भोसरीच्या टूलरूममध्ये ज्याला ‘थाऊ’ म्हणतात त्याचा. फिनसाठी खाच असलेला खास कॅलिपर मिळतो. साधा डिजिटल व्हर्नियर वापरणार असाल तर लांबी दर वेळी जबड्यांच्या टोकांनीच मोजा, नाहीतर आकडे जुळणार नाहीत.

स्क्रू काढू नका, ॲलन कीने फक्त सैल करा. फिनची कड धारदार असते, म्हणून फडक्याने धरा आणि लाकडी ठोकळ्याने हलकेच टोका. वळण संपताना शेपूट निसटत असेल तर खोली पाच थाऊ वाढवा. शेपूट अडकून स्की वळण पूर्णच करत नसेल तर तेवढीच कमी करा. फिन खाली सरकवताना किंचित तिरकी झाली की लांबीही बदलते, म्हणून तिन्ही मापं पुन्हा घ्या. स्क्रू आवळल्यावर परत एकदा मोजा, कारण आवळतानाच ती दोन-तीन थाऊ सरकते.

फिनवरची छोटी विंग स्कीचा वेग कमी करते. बॉय कोर्सवर, म्हणजे पाण्यात तरंगत्या खुणा (बॉय) लावलेल्या मार्गावर, सहाही बॉयना वळसा घालणं सहज जमेपर्यंत तिचा कोन बदलू नका.

बदल उपयोगी पडला का अशी शंका असेल तर जुन्या आकड्यांवर परत जा आणि त्याच सकाळी एक फेरी मारा. जुनी खोट लगेच परत आली, तर नवे आकडे तारखेसह वहीत पक्के लिहा.