खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोणता केमिकल मीडिया टाकायचा, आपल्या मराठवाड्याच्या पाण्याचा विचार करून

संभाजीनगर, लातूर, नांदेडकडं आता बरेच जण मरीन टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी लावायलेत, क्लाउनफिश, डॅमसेल आणतात आणि मग पहिला प्रश्न ठरलेला, पाण्यातली विरघळलेली घाण पकडणारा मीडिया म्हणून कार्बन (फिल्टरचा कोळसा) टाकू का जीएफओ (फॉस्फेट पकडणारे दाणे) टाकू का ते पुरिजेन (घाण पकडणारं रेझिन) घेऊ. हौ, तिन्ही कामाचे आहेत, पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे आणि तुमच्या टाकीत नेमकं काय वाढलंय ते माहीत नसताना पैसे घालवण्यात काही अर्थ नाही.

आधी पाण्याकडं बघा. टाकीतलं पाणी उडून जातं तेव्हा नुसतं पाणीच उडतं, मीठ आणि बाकी सगळं आतच राहतं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ वर, हवा कोरडी ठक्क, त्यात टाकी गार ठेवायला वरून पंखा लावलेला, म्हणजे रोजच्या रोज पाणी भरावं लागतं, आणि त्या भरायच्या पाण्यात जे असेल ते टाकीत साठत जातं. बोअरचं पाणी काळ्या खडकातून येतं त्यामुळं त्यात सिलिका असते, शेतातल्या खताचं नायट्रेट पण उतरतं, आणि नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नसल्यामुळं टँकर घेतला तर तो कोणत्या बोअरवरून भरला ते कोण सांगणार. काचेवर तपकिरी थर पुसून पुसून परत येत असेल तर बऱ्याचदा कारण हेच, सिलिका.

म्हणून मराठवाड्यात सगळ्यात आधी घ्यायचा मीडिया टाकीत जातच नाही, तो आरओनंतर बसतो. डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार पकडणारे मणी. मेंब्रेन साधारण ९० ते ९५ टक्के क्षार काढतं, म्हणजे बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, पीपीएममध्ये) १००० असला तर आरओनंतरही ५० ते १०० राहतो, प्यायला ठीक, टाकीला नाही. डीआय लावला की मीटर ० दाखवतो. घरचा आरओ वापरणार असाल तर त्यातला टीडीएस कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिज आधी बाजूला करा, नाहीतर काढलेले क्षार तोच परत घालतो. अजून एक गोष्ट, रेझिन संपत आलं की सिलिका सगळ्यात आधी सुटते आणि टीडीएस मीटरला ती नीट कळत नाही, त्यामुळं मीटर ० असून तपकिरी थर वाढला तर रेझिन बदला. आरओचं वाया जाणारं पाणी लादी पुसायला, संडासात वापरा, आपल्याकडं ते गटारात सोडणं परवडत नाही.

आणि हे रेझिन पिशवीत भरून टाकीत टाकू नका, खाऱ्या पाण्यात सोडियम आणि क्लोराइड इतकं असतं की ते लगेच भरून जातं. झिओलाइट नावाच्या खनिजाच्या खड्यांचंही तसंच, गोड्या पाण्यात अमोनिया पकडतो, खाऱ्यात सोडियम त्याची जागा घेतो. काही लोक तो बॅक्टेरियाला राहायला जागा म्हणून वापरतात पण ती सगळी वेगळी पद्धत आहे, नवख्यानं त्यात पडू नये.

आता टाकीतलं. एकच घ्यायचं असेल तर कार्बन घ्या. पाण्याचा पिवळेपणा, वास, विरघळलेली सेंद्रिय घाण, प्रवाळ एकमेकांवर सोडतात ती विषारी द्रव्यं, औषध दिल्यावर उरलेलं औषध, एवढं सगळं तो ओढतो. अमोनिया आणि नायट्रेट मात्र तो काढत नाही, दुकानदार काहीही सांगो. नारळाच्या करवंटीच्या कार्बनची छिद्रं बारीक असतात, प्यायच्या पाण्याला मस्त, पण टाकीतले मोठे सेंद्रिय रेणू पकडायला दगडी कोळशाचा किंवा लिग्नाइटचा बरा. वॉटर फिल्टरच्या दुकानातला स्वस्त कार्बन चालतो का असं लै जण विचारतात. अडीनडीला चालेल, पण काही कार्बन फॉस्फोरिक ॲसिड वापरून बनवतात आणि मग तो पाण्यात फॉस्फेट सोडतो, त्यामुळं मूठभर कार्बन डीआयच्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी त्या पाण्याची फॉस्फेट टेस्ट करा, रंग आला तर तो कार्बन झाडांच्या कुंडीत.

वापरताना काळं पाणी जाईपर्यंत धुवा, बारीक भुकटी टाकीत जाऊ देऊ नका. जाळीच्या पिशवीत भरून संपमध्ये (मुख्य टाकीखालची फिल्टरची टाकी) अशा जागी ठेवा जिथं पाणी पिशवीतून जातं, नुसतं शेजारून वाहून गेलं तर उपयोग नाही, आणि त्याच्या आधी कचरा गाळणारा फिल्टर सॉक (कापडी पिशवी) किंवा फ्लॉस (कापसासारखा थर) पायजेच, नाहीतर कार्बन कचऱ्यानंच भरतो. पाकिटावर सांगितलंय त्याच्या निम्म्यानं सुरुवात करा, कारण पिवळं पाणी एकदम नितळ झालं की आत प्रकाश वाढतो आणि प्रवाळ भाजतात. तीन-चार आठवड्यांनी फेकून द्या. उन्हात वाळवून परत वापरता येतो का? नाही. त्याला भट्टीतलं शेकडो अंशांचं तापमान लागतं, आपलं ऊन कितीही कडक असलं तरी गच्चीवर ते होत नाही.

जीएफओ म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचे तांबूस दाणे, तो फॉस्फेट आणि सिलिकेट पकडतो. फॉस्फेट टेस्ट केल्याशिवाय हा घेऊच नका. नुसते मासे असतील तर बहुतेक वेळा याची गरजच नसते, खाणं कमी करा, फ्रोझन खाणं धुऊन टाका, पाणी बदला. प्रवाळ असतील तर फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या (दहा लाखात किती भाग) मध्ये ठेवलं की पुष्कळ झालं. शून्यावर नेण्याचा हट्ट केला की प्रवाळ उपाशी राहतात आणि डायनो म्हणतात ती चिकट तपकिरी शेंबडासारखी घाण येते, ती काढता काढता नाकी नऊ येतात. हा पण हळूहळू वाढवा, अल्कलिनिटी (पाण्याचा पीएच सांभाळणारी क्षारता) बघत राहा. रिॲक्टरमध्ये (मीडिया भरून त्यातून पाणी फिरवायची बंद नळी) दाणे वरच्या वर नुसते हलले पायजेत, जोरात फिरवले तर घासून पीठ होतं. हॅना कंपनीचा फॉस्फरसवाला चेकर (टेस्टचं मीटर) असेल तर आकडा पीपीबी (अब्जात किती भाग) फॉस्फरसमध्ये येतो, त्याला ३.०६६ नं गुणा आणि १००० नं भागा, मग पीपीएम फॉस्फेट मिळतं, न गुणता वाचून खूश होणारे खूप आहेत. पांढऱ्या गोळ्यांचा ॲल्युमिनियमवाला मीडिया पण मिळतो, काम करतो, पण लेदर कोरल (चामड्यासारखं मऊ प्रवाळ) असेल तर मी तरी टाळीन.

(कडक प्रवाळ आपल्याकडं वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, कोणी समुद्रातून काढलेले विकायला आणले तर लांबूनच नमस्कार.)

पुरिजेन हे बारीक मण्यांचं रेझिन, सेंद्रिय घाण सडून नायट्रेट व्हायच्या आधीच उचलतं. महाग वाटतं पण तपकिरी झालं की परत वापरता येतं म्हणून वसूल होतं. बिनवासाचं साधं पातळ ब्लीच आणि तेवढंच पाणी, त्यात २४ तास, मग भरपूर धुणं, मग डीक्लोरिनेटरच्या (क्लोरीन घालवणारं औषध) पाण्यात ठेवणं, आणि शेवटी वास घेऊन बघणं. क्लोरीनचा जरा जरी वास आला तर टाकीत घालू नका. ब्लिचिंग पावडर नको, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर, ॲसिड काही मिसळू नका, विषारी गॅस होतो. पिशवी बारीक जाळीचीच घ्या, साध्या पिशवीतून मणी निसटतात.

टाकीत तांब्याचं औषध गेलं असेल तर कार्बनच्या भरवशावर राहू नका, त्याला तांबं पकडणारं वेगळं रेझिन मिळतं. कोळंबी, शंख, प्रवाळ यांना थोडं तांबंसुद्धा सहन होत नाही. आणि कोणतंही औषध चालू असताना कार्बन, पुरिजेन दोन्ही बाहेर काढायचे, नाहीतर औषध मीडियाच पिऊन टाकतो.

शेवटचं लाईटचं. लोडशेडिंगमध्ये बंद रिॲक्टर किंवा कॅनिस्टर (डब्यासारखा बंद फिल्टर) कित्येक तास थांबला की आतल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, बॅक्टेरिया मरतात, सडक्या अंड्याचा वास येतो, आणि लाईट आली की ते सगळं पाणी एका दमात टाकीत जातं. त्यामुळं इन्व्हर्टरवर आधी पाणी फिरवणारा पंप घ्या, रिॲक्टर नंतर. लाईट जास्त वेळ गेली असेल तर रिॲक्टरचा प्लग काढून ठेवा, आतलं पाणी बादलीत ओता, मीडिया टाकीच्याच पाण्यानं खळबळून घ्या आणि मगच चालू करा.