अमेरिकेच्या विमानात सीट कोणती घ्यावी

नागपूरहून अमेरिकेला थेट विमान नाही. त्यामुळे प्रवासाचे तुकडे पडतात, आणि ते सारखे नसतात. सोनेगाव विमानतळावरून दोहा चार-साडेचार तास, पण दोहा ते डॅलस किंवा ह्यूस्टन पंधरा-सोळा. मुंबई-दिल्लीमार्गे गेलात तरी पहिला तुकडा दीड-दोन तासांचा, पुढचा तसाच अजस्र. सीटसाठी वेगळे पैसे मोजायचेच असतील तर ते मोठ्या तुकड्यासाठी मोजा. छोट्या विमानात मधली सीट आली तर येऊ द्या, निभते.

मी रेल्वेत रिझर्व्हेशनच्या खिडकीमागे नोकरी केली. खिडकीबाहेरचा माणूस ‘लोअर द्या’ म्हणाला की वय, गुडघे आणि सोबतची बायको-पोरं पाहून बर्थ सांगायची सवय लागली ती अजून सुटली नाही. मे महिना जवळ आला की आमच्या मनीषनगरातले लोक मुला-सुनेकडे निघतात आणि विचारतात, “काका, सीट कोणती घेऊन राहिले लोक आजकाल?” लोक कोणतीही घेईनात, तुम्ही आधी विमान कोणतं आहे ते पाहा.

तिकिटावर विमानाचा प्रकार बहुधा लिहिलेला असतो, गूगल फ्लाइट्सवरही दिसतो. बोइंग ७७७ मध्ये इकॉनॉमीत बहुतेक ठिकाणी ३-४-३, म्हणजे एका रांगेत दहा माणसं. सीटची रुंदी साधारण १७ इंच. एअरबस ए३५० मध्ये बहुधा ३-३-३ आणि रुंदी १८ च्या आसपास. एक इंच काय तो, असं वाटतं. शेजारी आडव्या बांध्याचा माणूस बसला की तो इंच खांद्याला कळतो. ए३३० मध्ये २-४-२, म्हणजे नवरा-बायकोसाठी खिडकीकडची जोडी आयती मिळते. बोइंग ७८७ मध्ये ३-३-३ असले तरी रुंदी ७७७ सारखीच, पण हवा जरा बरी. जुन्या विमानांत आतला दाब साधारण ८,००० फूट उंचीवर असतो तसा ठेवतात; ७८७ आणि ए३५० मध्ये तो ६,००० फुटांसारखा असतो. उतरताना डोकं कमी जड वाटतं. दोन तिकिटांत हजार-दोन हजारांचाच फरक असेल तर मी ए३५० घ्यायला सांगतो.

आता पाय. दोन रांगांमधल्या अंतराला पिच म्हणतात. इकॉनॉमीत ते बहुधा ३१-३२ इंच असतं, पण त्यात पुढच्या सीटच्या पाठीची जाडीही आली. घरी भिंतीला पाठ टेकवून खुर्चीवर ताठ बसा आणि कोणाला तरी भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत टेप लावायला सांगा. २४ इंचांच्या आत आलं तर पायांसाठी जादा पैसे घालवू नका. २६ च्या वर गेलं तर घाला, पुढच्याने सीट मागे टाकली की गुडघे मोडतील. हा माझा ठोकताळा आहे, पण कॉलनीतल्या उंच पोरांच्या बाबतीत खरा ठरला आहे.

इमर्जन्सी दरवाजाजवळची रांग पायांसाठी उत्तम, पण ती सगळ्यांना मिळत नाही. गरोदर बाई, लहान मूल सोबत असलेले, आणि व्हीलचेअर सांगितलेले प्रवासी तिथे बसवत नाहीत. आपल्याकडे आई-बाबांसाठी व्हीलचेअर सांगायची आणि वर हीच सीट मागायची अशी एक पद्धत पडली आहे. ते जमत नाही. शिवाय तिथे ट्रे हाताच्या दांड्यात असतो, म्हणून तो दांडा वर होत नाही. पर्स उड्डाणाच्या वेळी वरच ठेवावी लागते, आणि दरवाजाजवळ थंडी वाजते. भिंतीसमोरच्या पहिल्या रांगेचंही तसंच. बाळाचा पाळणा तिथेच लावतात, त्यामुळे तान्ह्या बाळाच्या आईबापांना ती सोयीची. बाकीच्यांनी तिथे बसून शांत झोपेची आशा धरू नये.

संडासाजवळची सीट कशी असते हे जुन्या स्लीपर डब्यात ७१-७२ नंबर मिळालेल्या कोणालाही सांगायला नको. दर वेळी दार उघडलं की तोंडावर उजेड, आणि रांगेतला माणूस आपल्याच सीटच्या पाठीला रेलून उभा. शेवटच्या रांगेची पाठ बरेचदा मागे जात नाही, इमर्जन्सी रांगेच्या लगेच पुढच्या रांगेचीही. हवा खराब असली की शेपटाकडे झोके जास्त बसतात, पंखांजवळ कमी. अपवाद एकच. बऱ्याच ७७७-३०० विमानांत अगदी मागे बॉडी निमुळती होते आणि तीनऐवजी दोनच सीट मावतात. जोडप्याला तिथे तिसरा माणूस नाही, आणि खिडकीपाशी पिशवी ठेवायला फटही. मात्र उतरायला सगळ्यांत शेवटी, म्हणजे इमिग्रेशनच्या रांगेतही मागे.

साठीच्या पुढच्यांना, शुगर किंवा प्रोस्टेट असलेल्यांना मी खिडकी घेऊच देत नाही. आइल सीट, म्हणजे वाटेकडची. त्यातही ३-४-३ मध्ये मधल्या चौघांच्या कडेची, म्हणजे डी किंवा जी. कारण खिडकीकडच्या तिघांच्या कडेला, सी किंवा एचवर बसलात तर आतले दोघे तुम्हाला उठवणार. डीवर एकच, जीकडचा दुसरीकडून जातो. दोघे जात असाल तर सी आणि डी घ्या, मधे फक्त वाट. दोघांनाही आइल मिळते आणि गोळ्यांचा डबा इकडून तिकडे देता येतो. एक मात्र पाहा, काही सीटखाली टीव्हीचा लोखंडी डबा असतो, तो एका पायाची जागा खातो. एरोलोपा नावाच्या वेबसाइटवर विमान कंपनीनुसार सीटचे नकाशे आहेत. सीट ठरवण्याआधी त्यावर नजर टाका.

एजंटाकडून तिकीट काढलं असेल तर त्याच्या स्वतःच्या नंबरावर थांबू नका, विमान कंपनीचा पीएनआर मागा. त्याशिवाय त्यांच्या साइटवर सीट निवडता येत नाही. पैसे भरायचे नसतील तर वेब चेक-इन उघडताच बसा. काही कंपन्यांचं ४८ तास आधी उघडतं, काहींचं २४. तोपर्यंत मधल्या सीटच उरतात असं नाही, पण दुपारची झोप झाल्यावर पाहू म्हणाल तर नक्की उरतील. आधी निवडलेली सीटही त्याच वेळी पुन्हा तपासा. ऐनवेळी विमान बदललं की नंबर बदलतात आणि कोणी फोन करत नाही.

‘आत जाऊन कोणाला तरी विनंती करू’ यावर विसंबू नका. रेल्वेत ‘जरा सरकता का हो’ चालतं. इथे समोरच्याने त्या सीटचे पैसे भरलेले असतात. मागायचीच असेल तर आइल देऊन आइल मागा, मधली देऊन नव्हे.

येताना हिशेब बदलतो. वारा पाठीशी असल्याने प्रवास जरा कमी वेळाचा होतो. ज्याला बसल्या जागी झोप लागते आणि उठायची गरज पडत नाही त्याने येताना खिडकी घ्यावी, भिंतीला उशी लावता येते. औषधं आणि स्वेटर पायाजवळच्या पिशवीत ठेवा. वरच्या कप्प्यात टाकलं तर शेजारच्या दोघांना उठवावं लागेल.