ऑनलाईन पैसे गेले तर आधी 1930 लावा, बँकेत नंतर जावा

आपल्याकडं पैसे गेले की माणूस आधी गाडीला किक मारतो आणि बँकेच्या ब्रँचला पळतो, तिथं रांग, मग साहेब जागेवर नाहीत, मग "आधी पोलिसात जावा", आणि तोवर पैसे तीन-चार खात्यांतनं फिरून एटीएममधनं बाहेर पडलेले असतात. त्यामुळं मार्केट यार्डात असा नाहीतर मिरज स्टेशनवर, जिथं आहात तिथनंच 1930 लावा, सायबर फसवणुकीसाठी सरकारी हेल्पलाईन आहे ती. लागत नसेल तर लावत राहा आणि घरातल्या पोराला सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार भरायला बसवा.

फोनवर खातं, रक्कम, वेळ आणि यूटीआर नंबर विचारतात. यूपीआय ॲपमध्ये तो व्यवहार उघडला की यूटीआर म्हणून 12 आकडी नंबर दिसतो, त्यावरनंच पैसे कुठल्या खात्यात गेले ते समोरच्या बँकेला कळतं आणि तिथं जेवढे शिल्लक असतील तेवढे होल्ड होतात. उरलेत तेवढेच हां, म्हणून घाई. होल्ड झालेले परत मिळवायला पुढं बऱ्याचदा कोर्टात अर्ज करावा लागतो, त्याला कागद लागतात, तक्रार नंबर जपून ठेवा.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, पीएम किसान, लाईट बिल असल्या नावानं फाईल येते आणि नावाच्या शेवटी एपीके असतं. अहो, पत्रिका फोटोत येते नाहीतर पीडीएफमध्ये, एपीके म्हणजे सरळ ॲप, आणि त्याला मेसेज वाचायची परवानगी दिली की तुमचा ओटीपी तुमच्याआधी तो वाचणार. दाबलं गेलंच तर फोन फ्लाईट मोडवर टाका आणि दुसऱ्या फोनवरनं कार्ड, नेटबँकिंग बंद करा. घाबरून तो चॅट मात्र उडवू नका, पुरावा तोच आहे.

आता बँक. रिझर्व्ह बँकेनं 6 जुलै 2017 ला सर्क्युलर काढलं. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, मधल्याच कुणीतरी हात मारलाय आणि बँकेचा मेसेज आल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमचं नुकसान शून्य. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं तुमच्या डोक्यावर, त्यानंतरचं बँकेच्या. आणि चूक तुमचीच होती हे बँकेनं सिद्ध करायचं असतं, हे काउंटरवर कुणी सांगत नाही. म्हणून तोंडी नको, ईमेल करा नाहीतर अर्जावर शिक्का घ्या. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं.

1930 ची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, इथं बरेच फसतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम 173 प्रमाणं "आमच्या हद्दीत येत नाही" हे कारण चालत नाही, झिरो एफआयआर घ्यावा लागतो आणि कॉपी फुकट मिळते. ऑनलाईन कळवलं असेल तर 3 दिवसांत जाऊन सही करायची. घेतलाच नाही तर एसपींना पोस्टानं अर्ज. आयटी ॲक्टचे 66सी (दुसऱ्याची ओळख, पासवर्ड चोरून वापरणं) आणि 66डी (दुसराच कुणीतरी आहे असं भासवून ऑनलाईन फसवणं) बहुतेक वेळा लागतात, तपास पीआय किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो, त्यामुळं "पीआय साहेब आल्यावर या" यात थोडं तथ्य असतं, पण फिर्याद लिहून घ्यायला ते कारण होत नाही. आणि सोशल मीडियावरच्या कमेंटवरनं कुणी त्याच ॲक्टच्या 66अ ची भीती घातली तर ते कलम सुप्रीम कोर्टानं 2015 मध्येच रद्द केलंय. व्हिडिओ कॉलवर पोलीस बनून "तुम्हाला अटक झालीय" म्हणतात ती डिजिटल अरेस्ट तर कुठल्याच कायद्यात नाही, फोन ठेवून द्या.

हळद-बेदाण्यावाल्यांचं दुखणं वेगळंच. माल विकला, पैसे आले आणि ते कुणाच्या तरी फसवणुकीतले निघाले की आपलंच खातं होल्ड. अशावेळी भांडण बँकेशी घालून उपयोग नाही. कुठल्या राज्यातल्या, कुठल्या पोलीस ठाण्याची तक्रार, नंबर काय, रक्कम किती, एवढं लेखी मागा. मग बिल, काटा पावती, गाडीची बिल्टी जोडून त्या तपास अधिकाऱ्याला ईमेल करा, आणि अख्खं खातं बंद न ठेवता वादातल्या रकमेपुरताच होल्ड ठेवा असं त्यात स्पष्ट लिहा. तपासासाठी पोलीस मोबाईल जप्त करायला आले तर पंचनाम्याची कॉपी मागा, झडती-जप्तीचं शूटिंग करणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणं त्यांना बंधनकारक आहे.